आकड्यांचे चित्र आणि गावाचा निर्णय

पैठणच्या नाथसागरात आज पाणी किती, हा प्रश्न पावसाळ्याच्या चार महिन्यांत मराठवाड्यात जितक्या वेळा विचारला जातो तितका दुसरा कोणताही प्रश्न क्वचितच विचारला जात असेल. छत्रपती संभाजीनगरातील कचेऱ्या, आठवडी बाजार, कालव्यावरील गावांचे पार, सर्वत्र त्याचे उत्तर एकाच आकड्यात दिले जाते : इतके टक्के. उत्तर सुटसुटीत आहे, तोंडपाठ होण्याजोगे आहे आणि खरेही आहे. तथापि हा टक्का कशाचा, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आकडा लोकांपर्यंत पोहोचतो. त्याचा अर्थ मात्र वाटेतच कुठेतरी सांडतो.

आकडेवारी गोळा करण्याच्या बाबतीत आपली यंत्रणा मागे नाही. पर्जन्यमापके आहेत, निरीक्षण विहिरी आहेत, अंगणवाडीत दरमहा वजने होतात, शाळेत पट आणि हजेरी लिहिली जाते. उणीव आहे ती हे आकडे ज्यांच्या जीवनाशी निगडित आहेत त्यांना ते एका दृष्टिक्षेपात कळतील अशा रीतीने मांडण्याची. या मांडणीला चित्रालेख म्हणावे, माहितीचित्र म्हणावे किंवा इन्फोग्राफिक हा आता रूढ झालेला शब्द वापरावा. त्यामागील शास्त्र एकच आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या फळ्यावर अथवा अंगणवाडीच्या तक्त्यावर ते कसे उतरवावे याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. बहुतेक उदाहरणे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील आणि त्याच्या आसपासची घेतली आहेत.

टक्का कशाचा?

जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. धरणाची एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर म्हणजेच दलघमी आहे. त्यांपैकी तळाचे ७३८ दलघमी पाणी हा मृतसाठा होय. वरचा २,१७१ दलघमी हा उपयुक्त साठा. रोज जाहीर होणारी टक्केवारी असते ती या उपयुक्त साठ्याची.

याचा परिणाम असा होतो की, साठा ‘शून्य टक्के’ झाला असे जाहीर होते त्या दिवशीही धरणात ७३८ दलघमी पाणी असते. एकूण क्षमतेशी तुलना केली तर धरण एकचतुर्थांश भरलेलेच असते. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला आणि मृतसाठ्यातून पाणी उचलावे लागले. ‘शून्य’ ऐकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर भेगाळलेला तळ येतो. दुसरा माणूस पैठणला जातो, समोर पसरलेले पाणी पाहतो आणि सरकारी आकडे खोटे असतात असे ठरवून परततो. दोघांचीही समजूत चुकीची आहे, पण त्यात त्यांचा दोष थोडाच आहे. टक्का सांगणाऱ्याने भांडे दाखवलेच नव्हते.

येथे एक साधे चित्र बरेच काम करू शकते. एक उभी टाकी काढावी. तिचा खालचा चौथा भाग गडद मातकट रंगाने भरून त्यावर ‘मृतसाठा’ असे लिहावे, कारण नदीतून येणारा गाळही मुख्यतः याच भागात बसत असतो. वरच्या भागावर शून्यापासून शंभरापर्यंत खुणा कराव्यात आणि आजची पातळी निळ्या रंगाने दाखवावी. शून्याची रेघ टाकीच्या तळाशी नसून तळापासून पाव उंचीवर आहे, एवढे दिसले की अर्धा गैरसमज दूर होतो.

अर्धा म्हणण्याचे कारण असे की टाकीच्या चित्रातही एक फसगत दडलेली आहे. टाकी सरळ भिंतींची असते. नाथसागर मात्र परातीसारखा पसरट आहे. पूर्ण भरल्यावर त्याचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. एकूण साठ्याला या क्षेत्राने भागले तर सरासरी खोली जेमतेम सव्वाआठ मीटर येते. अशा जलाशयात वरचा एक फूट आणि तळाजवळचा एक फूट सारखे नसतात. पूर्ण पातळीजवळच्या एका फुटात शंभर दलघमीहून अधिक पाणी मावते. खाली उतरावे तसतसे एका फुटातील पाणी कमी होत जाते. म्हणून ‘धरण आज दोन फुटांनी वाढले’ या वार्तेचा अर्थ जूनमध्ये वेगळा असतो आणि सप्टेंबरमध्ये वेगळा. चित्रात उंची दाखवायची असेल तर भांडे परातीच्या आकाराचे काढावे. टक्का दाखवायचा असेल तर सरळ टाकी काढून ती पाण्याच्या प्रमाणाची आहे, उंचीची नव्हे, असे लिहावे. दोन्ही एकाच चित्रात कोंबू नयेत.

एवढी काटेकोरी कशासाठी, असे कोणी विचारील. गोदावरी खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाबाबत महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये जो आदेश दिला, त्यात १५ ऑक्टोबर या तारखेला आणि ६५ टक्के या आकड्याला निर्णायक स्थान मिळाले. त्या दिवशी जायकवाडीतील साठा, खरिपाचा वापर हिशेबात धरूनही, या मर्यादेखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर याच सूत्रानुसार ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. या टक्केवारीच्या फेरविचारासाठी पुढे समितीही नेमली गेली. नाशिक व अहिल्यानगरकडील शेतकरी आणि मराठवाड्यातील शेतकरी यांच्यात ज्या आकड्यावरून वाद होतो, तो आकडा कशाचा आहे हे दोन्ही बाजूंच्या गावांना सारखेच स्पष्ट दिसले पाहिजे. पावसाळ्यात आठवड्या-आठवड्याने साठा दाखवणारा रेषालेख काढावा, त्यावर ६५ टक्क्यांची आडवी रेघ आणि १५ ऑक्टोबरची उभी रेघ आखावी. रेषा त्या चौकात शिरते की खाली राहते, हे दहा वर्षांचा विद्यार्थीही सांगू शकेल.

चित्र मोठे झाले, पाणी किती वाढले?

आकडे चित्रात मांडण्याची विद्या फार जुनी नाही. स्कॉटलंडचे विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये व्यापाराच्या आकडेवारीचे रेषालेख व स्तंभालेख प्रसिद्ध केले आणि १८०१ मध्ये वृत्तालेख. क्रिमियन युद्धातील सैनिकांचे मृत्यू जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक झाले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये पाकळ्यांसारख्या आकृतीतून सरकारपुढे मांडले. लंडनच्या सोहो भागात १८५४ मध्ये पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरच्या मृत्यूंची नोंद केली; ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाची मूठ काढण्यात आली आणि १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नकाशात प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घरापुढे एकेक आडवी खूण होती. खुणांची दाटी पंपाभोवती होती. गावात अतिसाराची साथ आली असता आरोग्य सेवक आणि शिक्षक यांनी गावठाणाच्या नकाशावर घरागणिक ठिपका द्यावा व नळांच्या जोडण्या त्यावर दाखवाव्यात, तर गळकी जलवाहिनी हुडकण्यास आजही याच पद्धतीचा उपयोग होईल.

ग्रामपंचायतीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी धडा मात्र व्हिएन्नाचे ऑटो नॉयराथ यांचा आहे. १९२५ मध्ये त्यांनी तेथे सामाजिक व आर्थिक विषयांचे संग्रहालय सुरू केले. आकडेशास्त्र न शिकलेल्या सामान्य नागरिकाला शहराचा कारभार समजावा, हा त्यामागील हेतू होता. त्यांचा नियम असा : संख्या मोठी असेल तर चित्र मोठे करू नये, चित्रांची संख्या वाढवावी.

या नियमामागील गणित आपल्याकडील फलकांवर सर्रास मोडले जाते. समजा, गतवर्षी गावात पाणीसाठा एक पट होता आणि यंदा तो दुप्पट झाला. चित्रकार गतवर्षासाठी एक घागर काढतो आणि यंदासाठी दुप्पट उंचीची घागर काढतो. उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, म्हणजे भिंतीवरचे क्षेत्र चौपट होते. पाहणारा तर घागरीला भरीव वस्तू समजतो आणि दुप्पट उंचीच्या खऱ्या घागरीत आठपट पाणी मावते. काम दुपटीचे झाले आणि भिंतीने आठपटीचा डांगोरा पिटला! यात लबाडी असेलच असे नाही. बहुधा रंगाऱ्याचा उत्साह असतो. पण पुढच्या वर्षी साठा घटला की तेच चित्र ग्रामपंचायतीच्या अंगावर येते. त्याऐवजी सारख्या आकाराच्या दोन घागरी शेजारी शेजारी काढाव्यात.

दुसरी नेहमीची चूक स्तंभालेखाच्या पायाशी होते. शाळेचा निकाल ९० वरून ९३ टक्क्यांवर गेला आणि स्तंभ शून्याऐवजी ८८ पासून सुरू केले, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या अडीचपट दिसतो. स्तंभाची लांबी हीच त्याची भाषा असल्यामुळे तो शून्यापासूनच उभा केला पाहिजे.

विहिरींच्या पाणीपातळीची गंमत याहून निराळी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. ही पातळी जमिनीपासून खाली मोजलेली असते. ऑक्टोबरात ४ मीटर आणि मे महिन्यात ११ मीटर असे आकडे आले, तर पाणी सात मीटर खाली गेले असा त्याचा अर्थ. हेच आकडे नेहमीच्या पद्धतीने स्तंभालेखात काढले की मे महिन्याचा स्तंभ सर्वांत उंच दिसतो आणि भर उन्हाळ्यात विहीर तुडुंब असल्याचा भास होतो. विहिरीचा आलेख वरून खाली लोंबता काढावा : वर जमिनीची रेघ, तिच्याखाली विहिरीचा उभा छेद आणि पाणी जेथे लागते तेथे निळा रंग. मग चित्र आणि विहिरीत डोकावल्यावर दिसणारे दृश्य एकच होते.

जिल्ह्याच्या सरासरीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. अजिंठ्याच्या डोंगररांगांतील सोयगाव आणि पश्चिमेकडील वैजापूर यांच्या पर्जन्यमानाची एकच सरासरी काढली तर ती दोन्ही तालुक्यांना परकी ठरते. जिल्ह्यातील नऊ तालुक्यांचे नऊ स्तंभ काढण्यास कागद फारसा जास्त लागत नाही. ‘महावेध’ प्रकल्पामुळे २०१७ पासून राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. तथापि एका मंडळात अनेक गावे येतात आणि एका शिवारात बरसलेला ढग पुढच्या शिवाराला कोरडा ठेवून जातो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून गावाचे स्वतःचे पर्जन्यमापक असणे श्रेयस्कर.

पाच एकर ऊस आणि दोन हजार माणसे

पाण्याची परिमाणे हीच सामान्य माणसाची मुख्य अडचण आहे. पाऊस मिलिमीटरमध्ये, धरण दलघमी किंवा टीएमसीमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये, नळाचे पाणी लिटरमध्ये आणि शेताचे पाणी पाळ्यांत मोजले जाते. एकाच वस्तूला पाच मापे असली की हिशेब जुळत नाही. माहितीचित्र काढण्यापूर्वी गावाने एकच माप ठरवावे. मराठवाड्यापुरते बोलायचे तर असे माप लोकांना दुर्दैवाने चांगलेच परिचित आहे. ते म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा घनमीटर म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. थोडक्यात, हेक्टरी एक मिलिमीटर म्हणजे एक टँकर. ही जुळणी इतकी सोयीची आहे की शाळेत ती पाढ्यांबरोबर शिकवावी. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर, अर्थात एक लाख टँकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची जी पहिली रेल्वेगाडी गेली तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या हिशेबाने एक दलघमीसाठी तशा दोन हजार फेऱ्या लागल्या असत्या.

आता एक गाव कल्पावे. शिवार एक हजार हेक्टर, लोकसंख्या दोन हजार, यंदाचा पाऊस पाचशे मिलिमीटर. शिवारावर पाच लाख टँकर पाणी पडले. यातील बराच भाग बाष्प होऊन उडतो, काही ओढ्यातून वाहून जातो, काही मातीत ओल होऊन राहतो आणि थोडा जमिनीत मुरतो. गावाच्या हाती राहते ते बंधाऱ्यातले आणि विहिरीतले. पिण्यासाठी व घरगुती वापरासाठी जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे दरडोई दररोज ५५ लिटर धरले, तर दोन हजार माणसांना रोज अकरा टँकर आणि वर्षाला सुमारे चार हजार टँकर लागतात.

याच गावात पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर ऊस आहे असे समजू. उसाची पाण्याची गरज ढोबळमानाने दोन हजार मिलिमीटर धरली जाते. हेक्टरी दोन हजार टँकर, दोन हेक्टरांना चार हजार. यातील काही गरज पावसाने भागते आणि ठिबक सिंचनाने उपशात बचत होते, हे खरे आहे. ते फलकावर लिहिलेही पाहिजे. तरी मूळ प्रमाण बदलत नाही : पाच एकर उसाची पाण्याची वर्षाची गरज आणि दोन हजार माणसांची वर्षाची गरज साधारण सारखीच आहे.

हे भिंतीवर असे काढता येईल. टँकरचे एक चित्र म्हणजे पाचशे टँकर. पहिल्या ओळीत आठ टँकर आणि बाजूला ‘दोन हजार माणसे, एक वर्ष’. दुसऱ्या ओळीत आठ टँकर आणि बाजूला ‘पाच एकर ऊस, एक वर्ष’. तिसऱ्या ओळीत तेवढ्याच क्षेत्रावरील रब्बी ज्वारी. तिची गरज उसाच्या पाचव्या भागाच्या आसपास असल्याने तेथे दीड-पावणेदोन टँकर पुरतात. तीन ओळींत भाषण न करता सारे सांगून होते. पडलेल्या पावसाचे पाच लाख टँकर याच भिंतीवर काढण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्या प्रमाणात एक हजार चित्रे लागतील. आणि प्रमाण बदलून ती कमी केली तर शेजारच्या ओळींशी तुलना चुकेल. पावसाचे चित्र स्वतंत्र चौकटीत, स्वतंत्र प्रमाणासह असावे.

असा फलक रंगवणे ही तांत्रिक बाब आहे. तो रंगवू देणे ही नव्हे. ज्यांचा ऊस आहे ते ग्रामसभेतच बसलेले असतात आणि पुष्कळदा पहिल्या रांगेत बसलेले असतात. म्हणूनच आकडा कोणाच्या तोंडून न येता भिंतीवरून यावा, हे बरे. माणसाशी वाद घालणे सोपे असते, मोजमापाशी घालायचा तर मोजमाप पुन्हा करावे लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हा मार्ग पूर्वीच चोखाळला आहे. सुमारे ९७७ हेक्टरांच्या या गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे केली आणि २००४ पासून दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत सुरू केली. किती पाऊस पडला, किती पाणी उपलब्ध आहे, माणसे व जनावरे यांची गरज किती आणि शेतीसाठी काय उरते, हे ग्रामसभेपुढे येते आणि त्यावरून रब्बीची पिके ठरतात. सिंचनासाठी विंधनविहिरी आणि ऊस-केळीसारखी पिके यांवर गावाने स्वतःहून बंदी घातली. कामे अनेक गावांत झाली. हिवरे बाजारचे वेगळेपण असे की कामे झाल्यावरही मोजणे थांबले नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात शिवारफेरी आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद यांचा समावेश झाला. छत्रपती संभाजीनगर येथे १९८० मध्ये स्थापन झालेली जल व भूमी व्यवस्थापन संस्था अर्थात ‘वाल्मी’ ही तर जलव्यवस्थापनाच्या प्रशिक्षणासाठीच आहे. तेथे शिकून आलेल्या अधिकाऱ्याने परतल्यावर गावाच्या पारावर रांगोळीने शिवाराचा नकाशा काढून घेतला, तर घरोघरच्या स्त्रियाही त्यात हात घालतात. रांगोळीचा एक गुण असा की ती पुसून दुरुस्त करता येते. कोणती विहीर केव्हा आटते याची माहिती स्त्रियांना अधिक नेमकी असते, कारण हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो.

अंगणवाडीतील रेघ

माहितीचित्राचे सर्वांत गंभीर काम अंगणवाडीत चालते. बालकाच्या वजनाचा वाढ-आलेख ही डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातील खेड्यांत काम करताना रूढ केलेली पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी मानके प्रसिद्ध केली आणि २००८ पासून आपल्या देशातील अंगणवाड्यांनी ती स्वीकारली. आलेखावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे पट्टे असतात; साधारण, मध्यम कमी वजन आणि तीव्र कमी वजन असा त्यांचा अर्थ. मुलांचा व मुलींचा आलेख वेगळा.

राज्यात कुपोषणाविरुद्धच्या कामाला या शहराने विशेष वळण दिले, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. तत्कालीन औरंगाबाद विभागात आधी ‘मराठवाडा उपक्रम’ राबवला गेला आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनची स्थापना येथेच झाली, श्री. व्ही. रमणी यांनी त्याची धुरा वाहिली. प्रत्येक बालकाचे वजन प्रत्यक्ष घेतले जावे आणि कुपोषणाची खरी संख्या दडवली जाऊ नये, यावर त्या कामाचा भर होता. कुपोषित बालकांची संख्या वाढलेली दिसली तर ती आधी मोजणी सुधारल्याची खूण असू शकते, ही गोष्ट तेव्हा अनेक कार्यालयांना पचवावी लागली.

वाढ-आलेख वाचताना रंगापेक्षा रेघेची दिशा महत्त्वाची, हे अद्यापही पुरेसे रुजलेले नाही. एक मुलगी नवव्या महिन्यात ७.२ किलो, दहाव्यात ७.२ आणि अकराव्यात ७.१ किलो भरली असे समजा. तिन्ही वेळा तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यातच पडतो. गोषवाऱ्यात तीन महिने ‘साधारण’ अशीच नोंद जाते आणि तालुक्याच्या तक्त्यात ती कोठेही दिसत नाही. आलेखावर मात्र ठिपके जोडले की पट्टे वर चढत असताना तिची रेघ आडवी होऊन किंचित वाकलेली दिसते. आजार, अंगावरचे दूध तुटणे, वरचा आहार वेळेवर सुरू न होणे, घरातले माणूस कामासाठी बाहेरगावी जाणे, काहीतरी घडलेले असते. पिवळ्या पट्ट्यात उतरेपर्यंत वाट पाहिली तर उपाय कठीण होतो. संख्येचा तक्ता जे लपवतो ते एक पेन्सिलची रेघ दाखवते.

१ मार्च २०२१ पासून या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाईलवरील प्रणालीत होऊ लागल्या. माहिती वरपर्यंत लवकर पोहोचू लागली, हा मोठाच लाभ आहे. तरी माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेखात आईच्या समोर ठिपका देण्याचे काम सोडू नये. वरिष्ठांकडे गेलेला आकडा आणि आईच्या हातातील रेघ यांची कामे वेगवेगळी आहेत. आईला अक्षरे वाचता येत नसली तरी चढण आणि उतरण कळते.

रंगांच्या बाबतीत एक सावधगिरी. काही व्यक्तींना, विशेषतः पुरुषांना, लाल व हिरवा यांतील फरक नीट दिसत नाही. धोक्याच्या खुणेला रंगाबरोबर वेगळा आकारही द्यावा. मुद्रित अहवाल अखेरीस काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येच फिरतो, हेही ध्यानात घ्यावे.

सतराव्या लेण्याचे चक्र

चित्रात माहिती भरणे ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, असा समज होण्याचे कारण नाही. आकड्यांचा आलेख तिकडून आला असेल, पण विषयाची विभागणी करून ती आकृतीत मांडण्याचे एक जुने उदाहरण याच जिल्ह्यात, सोयगाव तालुक्यात आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळी खोदल्या गेलेल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत, डाव्या बाजूच्या भिंतीवर एका मोठ्या चक्राचा भाग शिल्लक आहे. चक्राचे आरे पाडून कप्पे केले आहेत आणि प्रत्येक कप्प्यात लहान लहान प्रसंग रंगवले आहेत. आरंभीच्या इंग्रज प्रवाशांना ते राशिचक्र वाटले आणि लेण्याला तसे नावही पडले. वस्तुतः ते भवचक्र आहे : जीव कोणकोणत्या गतींतून फिरतो याची बौद्ध मांडणी.

मूलसर्वास्तिवादी विनयग्रंथात विहाराच्या प्रवेशभागी असे चक्र रंगवावे अशी आज्ञा आहे आणि तिच्याच जोडीला दुसरी आज्ञा आहे : येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते समजावून सांगण्यासाठी एका भिक्षूची नेमणूक करावी. चित्र कितीही बोलके असले तरी त्याच्याजवळ माणूस लागतो, हे त्या काळच्या व्यवस्थापकांना ठाऊक होते. शिवाय ‘कोणीतरी सांगेल’ यावर त्यांनी काम सोडले नाही, नेमणूक केली.

फलकाजवळ कोण उभे राहील?

पाण्याच्या फलकासाठी ग्रामपंचायतीने ठराव करून अशी एक व्यक्ती नेमावी. ग्रामसेवकाकडे आधीच कामे पुष्कळ असतात. विज्ञान किंवा भूगोल शिकवणारा शिक्षक, पदवीधर तरुणी, निवृत्त तलाठी, कोणीही चालेल. फक्त प्रमाण विचारले असता त्याला सांगता आले पाहिजे. शाळेच्या सातवी-आठवीच्या मुलांना स्तंभालेख व वृत्तालेख अभ्यासक्रमात असतातच. त्यांना पुस्तकातील काल्पनिक क्रिकेटच्या धावांऐवजी गावच्या पर्जन्यमापकाचे आकडे दिले तर गणिताचा तासही होतो आणि फलकही अद्ययावत राहतो.

फलकावर चार गोष्टी असल्याखेरीज तो टांगू नये : आकडा कशाचा आहे, तो कोणी मोजला, कोणत्या तारखेला मोजला आणि एका चित्राचे प्रमाण काय. यांतील तारीख सर्वांत आधी विसरली जाते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांना माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्यास सांगतो. तीन वर्षांपूर्वीचा आकडा तारखेविना भिंतीवर ठेवणे म्हणजे माहिती देणे नव्हे. तैलरंगात पक्के रंगवलेले आकडे शोभिवंत दिसतात, पण बदलणे जड जाते. चौकट, टाकी, जमिनीची रेघ आणि प्रमाण पक्क्या रंगात असावे. बदलणारा आकडा व पातळी खडूने किंवा अडकवता येणाऱ्या पाट्यांनी दाखवावी. खर्च थोडा येतो.

वेळापत्रकाबाबत एवढेच. जलवर्ष १ जूनला सुरू होते आणि मोसमी पावसाची बेरीज ३० सप्टेंबरला पूर्ण होते. रब्बीची पेरणी ऑक्टोबरात सुरू होते. म्हणजे ताळेबंदाचे चित्र भिंतीवर चढण्यासाठी गावाला जेमतेम आठवडा-पंधरवडा मिळतो. नोव्हेंबरात काढलेले चित्र कितीही अचूक असले तरी तोवर उसाचे बेणे आणि हरभऱ्याचे बियाणे रानात गेलेले असते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी निदान पावसाचा स्तंभ आणि बंधाऱ्यातील साठा यांची रेघ मारून ठेवावी. विहिरींची ऑक्टोबरची मोजणी हाती येताच तिसरी रेघ भरावी आणि पिकांचा प्रश्न तेवढ्यासाठी पुन्हा सभेपुढे ठेवावा.